करमणुकीच्या कारखान्यातले कामगार

जून 2001मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं व्यवस्थापन आणि टीमस्टर्स ही कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. त्यातला एक मुद्दा अंतर्वस्त्रांचा होता. मिकी, गूफी वगैरेंची अवजड सोंगं अंगावर चढवून उद्यानात फिरणाऱ्या कामगारांना आत स्वतःचे कपडे घालायची मुभा नव्हती, कारण त्यांच्या चुण्या बाहेरून दिसतात. कंपनी देईल तीच घट्ट चड्डी किंवा लंगोट घालायचा, कामाची पाळी संपली की पोशाखाबरोबर धुलाईला टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी धुऊन आलेल्यांतून मिळेल तो उचलायचा. धुलाई नीट होत नसल्याची तक्रार होती. डागाळलेले, वास मारणारे कपडे परत हातात पडत. काहींना उवा झाल्या, काहींना खरूज. करारानंतर प्रत्येकाला स्वतःचा वेगळा जोड मिळाला आणि तो घरी नेऊन धुण्याची सोय झाली.

ही बातमी तेव्हा जगभर हसण्यावारी गेली. मला मात्र कामगार संघटना कशाला हवी या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर माहीत नाही. ‘मला कामावरच्या चड्डीतून उवा झाल्या’ असं सुपरवायझरला एकट्याने जाऊन सांगणारा माणूस विरळाच. तक्रार लाजेची, नोकरी कच्ची आणि बाहेर त्याच कामासाठी शंभर तरुण रांगेत. अशा तक्रारी मनातच मुरतात. त्या मागणीपत्रावर आल्या, त्याखाली शेकडो सह्या पडल्या, की लाज कोणा एकाची राहत नाही आणि मग कंपनीलाही त्यावर बोलावं लागतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत करमणूक कंपन्यांपैकी एकीत, स्वच्छतेसाठी नावाजलेल्या उद्यानात, स्वच्छ अंतर्वस्त्रासाठी संघटनेला वाटाघाटी कराव्या लागल्या, हे आपण लक्षात ठेवायला हवं. कारण तशाच उद्यानांची स्वप्नं आता आपल्याकडेही दाखवली जात आहेत.

थीम पार्क हा धंदा इतर धंद्यांपेक्षा वेगळा आहे. गिरणीत कापड निघतं, साखर कारखान्यात साखर. इथे गिऱ्हाईक घरी नेतं ते दिवसभराचं बरं वाटणं. त्या बरं वाटण्यात यंत्रांचा वाटा आहेच, पण मोठा वाटा माणसांच्या वागण्याचा आहे. तिकीट फाडणारी मुलगी, झुल्याचा पट्टा तपासणारा मुलगा, आइस्क्रीमचा सांडलेला थेंब लगेच पुसणारी बाई, सगळ्यांनी दिवसभर प्रसन्न दिसायचं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशील्ड यांनी 1983 साली हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवून दिलं, की अशा कामात भावनाच मालकाला विकलेली असते आणि तिची झीज पगारपत्रकात कुठेच नोंदली जात नाही. हातापायांचा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. दहा तास हसून दमलेल्या चेहऱ्याचा थकवा कुठे मोजायचा, याचं कोष्टक कामगार कायद्यात नाही.

सोंगाच्या आतल्या माणसाची तर आणखी वेगळी गोष्ट. डोक्यावर फायबरचा मुखवटा, अंगावर फरचा थर, दिसायला जाळीतली एक फट आणि बोलायला सक्त मनाई, कारण मिकी माणसाच्या आवाजात बोलला तर जादू मोडते. पोरं शेपटी ओढतात, मोठी माणसं पाठीत थापा मारतात, बायका आत आहेत असं कळलं की काही पुरुष नको तिथे हात लावतात. आतल्याने ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण या कामासाठीच घडवली असावी, असं वाटतं. फार लांब जायला नको. आपल्याकडच्या एखाद्या मॉलसमोर मे महिन्याच्या दुपारी अस्वलाच्या किंवा सशाच्या सोंगात नाचणारा पोरगा पाहा. त्याला पाणी प्यायला मुखवटा काढायचा असेल, तर कुठे जायचं हेही बहुधा कोणी ठरवून दिलेलं नसतं.

डिस्ने कंपनीचं कामगारांशी असलेलं नातं पहिल्या उद्यानाच्याही आधीपासून ताणलेलं आहे. 1937 साली आलेल्या ‘स्नो व्हाइट’ या चित्रपटाने पैशांचा पाऊस पाडला. चित्रकारांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, या प्रश्नाची धुसफूस पुढची काही वर्षं चालली आणि 29 मे 1941 रोजी स्टुडिओत संप झाला. गूफीला पडद्यावर आकार देणाऱ्या आर्ट बॅबिट यांना युनियनच्या कामामुळे काढलं, हे तात्कालिक कारण. संपकऱ्यांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या, पण वॉल्ट डिस्ने तो संप कधीच विसरले नाहीत. 1947 साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना त्यांनी संपामागे कम्युनिस्ट असल्याचं सांगून काहींची नावंही घेतली. पुढे 1955 साली कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथली भाषाच रंगभूमीची ठेवली गेली. कामगार म्हणजे नटसंचातले सदस्य, गणवेश म्हणजे वेशभूषा, उद्यान म्हणजे रंगमंच आणि कामगारांची जेवणाची खोली म्हणजे पडद्यामागची जागा.

ही भाषा निरुपद्रवी वाटते. बऱ्याच कामगारांना ती आवडतेही, आणि त्यांच्या आवडीला मी खोटं म्हणणार नाही. लहानपणी ज्या जागेची स्वप्नं पाहिली तिथे काम मिळालं, याचा अभिमान खराच असतो. धोकाही त्या अभिमानातच आहे. जिथे काम करायला मिळणं हेच बक्षीस मानलं जातं, तिथे पगाराबद्दल बोलणं कृतघ्नपणाचं ठरतं. आपल्याकडे शिक्षक, परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांना ‘सेवा’ या शब्दाने वर्षानुवर्षं असंच गप्प केलेलं आहे.

या गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं, याचा हिशेब अॅनाहाइमइतका उघडपणे क्वचितच कुठे मांडला गेला असेल. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. 1996 साली या शहराने डिस्नेशी करार केला. शहराने सुमारे 51 कोटी डॉलरचे रोखे काढले आणि त्या पैशातून उद्यानाच्या परिसरातल्या सोयींबरोबर 10 हजारांहून अधिक गाड्यांचं एक प्रचंड वाहनतळ उभं राहिलं. ते वाहनतळ डिस्नेला वर्षाला एक डॉलर भाड्याने मिळालं आणि पार्किंगचा पैसा डिस्नेच्या गल्ल्यात जाऊ लागला. तिकिटांवर करमणूक कर लावणार नाही, अशी हमीही शहराने दिली. 2015 साली ती हमी आणखी 30 वर्षांसाठी वाढवण्यात आली. बदल्यात कंपनी 100 कोटी डॉलर गुंतवणार होती. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने 2017 साली या व्यवहारांवर सविस्तर लिहिलं, तेव्हा डिस्नेने त्या वृत्तपत्राच्या समीक्षकांना आपल्या चित्रपटांच्या पूर्वप्रदर्शनांना यायला काही दिवस बंदी केली. इतर समीक्षकांनी बहिष्काराची भाषा केल्यावर ती बंदी उठली.

शहराचा पैसा असा एका बाजूने आत जात होता. दुसऱ्या बाजूने काय बाहेर येत होतं? फेब्रुवारी 2018मध्ये एका संशोधन संस्थेने आणि ऑक्सिडेंटल कॉलेजने मिळून डिस्नेलँडच्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. ती संघटनांच्या पुढाकाराने झाली होती, हे सांगून टाकतो. तरीही उत्तरं देणारे कामगार सुमारे 5 हजार होते, त्यामुळे ती सहज झटकून टाकता येत नाही. त्यातल्या 73 टक्क्यांनी सांगितलं की महिन्याचा मूलभूत खर्चही पगारात भागत नाही. 11 टक्के कामगार आधीच्या दोन वर्षांत कधी ना कधी बेघर होते. 2016च्या अखेरीस उद्यानात रात्रपाळीला सफाई करणारी एक प्रौढ स्त्री तिच्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. तिला घर नव्हतं, गाडीतच ती राहत होती, आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या अनेकांना हे तिच्या मृत्यूनंतर कळलं.

बेघर कामगारांचा निवारा, रेशनची कूपनं, तातडीचे दवाखाने यांचा खर्च शेवटी करदात्यांकडेच येतो. म्हणजे वाहनतळाचा खर्चही त्यांचा आणि कमी पगाराची भरपाईही त्यांचीच. हे लक्षात आल्यावर संघटनांनी आपली लढाई उद्यानाच्या फाटकाबाहेर, थेट मतपत्रिकेवर नेली. नोव्हेंबर 2018मध्ये अॅनाहाइमच्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला: शहराकडून सवलत घेणाऱ्या मोठ्या करमणूक आणि आतिथ्य कंपन्यांनी कामगारांना ताशी किमान 15 डॉलर द्यावेत, दरवर्षी त्यात एक डॉलर वाढवत 2022 साली ते 18 डॉलरवर न्यावेत आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवावेत.

डिस्नेची चाल त्याआधीच खेळून झाली होती. ऑगस्ट 2018मध्ये कंपनीने शहराशी असलेले सवलतीचे करार स्वतःहून रद्द करवून घेतले. त्यात एका आलिशान हॉटेलसाठीची मोठी सवलत होती आणि करमणूक कराच्या हमीचा करारही होता. हॉटेलचा बेतही पुढे बारगळला. आम्ही सवलत घेतच नाही, तेव्हा हा कायदा आम्हाला लागू नाही, असं कंपनीचं म्हणणं. कामगार कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले. जुलै 2023मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 1996च्या रोख्यांकडे बोट दाखवून सांगितलं, की ही सवलतच आहे. डिसेंबर 2024मध्ये 23 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. थकलेल्या पगाराच्या या रकमेवर 50 हजारांहून अधिक आजी-माजी कामगारांचा हक्क ठरला.

कामगारांना पगार वाढवून दिला की उद्योग पळून जातो, हे आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवलं जातं की ते खरंच आहे असं सगळे धरून चालतात. अॅनाहाइममध्ये एक हॉटेल गेलं, हे मान्य. पण कायदा अमलात आल्यावर, न्यायालयात हरल्यावर, त्याच कंपनीने 2024 साली त्याच शहरात उद्यानाच्या विस्ताराची परवानगी मागितली, ती मिळवली आणि पुढच्या दहा वर्षांत किमान 190 कोटी डॉलर गुंतवण्याचं वचन दिलं. डिस्नेलँड उचलून दुसरीकडे नेता येत नाही. रुळावरची गाडी, कृत्रिम डोंगर, तळं, भोवतालची हॉटेलं, ही सगळी जमिनीला खिळलेली गुंतवणूक आहे. कॉल सेंटर रातोरात मनिलाला जाऊ शकतं, थीम पार्क जाऊ शकत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर ही गोष्ट कामगारांच्या आणि सरकारच्याही बाजूची आहे, पण तिचा उपयोग करायचा असतो याचं भान दोघांनाही उशिरा येतं.

2024 साल तिथल्या कामगारांसाठी महत्त्वाचं ठरलं. डिस्नेलँडमधले बहुतेक कामगार दशकानुदशकं संघटित आहेत. 1984 साली त्यांनी 22 दिवसांचा संपही केला होता. मात्र सोंगं घेणारे आणि मिरवणुकीत नाचणारे सुमारे 1,700 जण संघटनेबाहेर होते. फ्लोरिडात हेच काम करणारे संघटनेत आणि कॅलिफोर्नियातले बाहेर, असा हा विचित्र प्रकार. मे 2024मध्ये त्यांनी मतदान केलं आणि 953 विरुद्ध 258 मतांनी अॅक्टर्स इक्विटी या रंगभूमीच्या संघटनेत जायचं ठरवलं. त्यांच्या तक्रारींत पोशाखांची स्वच्छता पुन्हा होतीच. 2001चा धडा एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोचायला 23 वर्षं लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये चार संघटनांच्या सुमारे 14 हजार कामगारांनी संपाची तयारी दाखवणारं मतदान जवळजवळ एकमताने केलं. संप झाला नाही, मतदान पुरेसं ठरलं. महिना संपायच्या आत किमान मजुरी ताशी 19 डॉलर 90 सेंटवरून 24 डॉलरवर गेली.

24 डॉलर आपल्याला भरपूर वाटतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेलँडच्या सर्वांत महाग दिवसाचं तिकीट 206 डॉलर झालं. म्हणजे आठ तासांच्या मजुरीत त्या दिवसाचं एक तिकीटही येत नव्हतं. (कर्मचाऱ्यांना प्रवेशाचे पास मिळतात, हे खरं. पासावर घरमालक भाडं धरत नाही.)

पगाराचं इतकं सांगितल्यावर सुरक्षेकडे येतो, कारण माझ्या मते खरा इशारा तिथे आहे. उद्यानातला कामगार गप्प बसला, तर नुकसान त्याच्या एकट्याचं होत नाही. 24 डिसेंबर 1998 रोजी डिस्नेलँडमधलं कोलंबिया हे शिडाचं जहाज धक्क्याला लागत होतं. ते पुरेसं थांबण्याआधीच दोर अडकवला गेला. दोर ज्या धातूच्या खुंटीला होता ती उखडली आणि धक्क्यावरच्या माणसांवर आदळली. एक पाहुणा दगावला, कामगारही जखमी झाला. त्या दिवशी दोर अडकवण्याचं काम एक सहायक व्यवस्थापक करत होती, आणि तिला त्या कामाचं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. अनुभवी कामगार कमी करून सगळ्यांनी सगळं करायचं, या नव्वदच्या दशकातल्या काटकसरीवर तेव्हा बरीच टीका झाली. कॅलिफोर्नियात तोवर फक्त फिरत्या जत्रांतले पाळणे सरकार तपासत असे, कायमस्वरूपी उद्यानं नाही. 1999 साली कायदा करून ती तपासणी सुरू झाली. वरातीमागून घोडं तिथेही येतं, फक्त तिथे ते येतं तरी.

आपल्याकडचा दाखला याहून जवळचा आणि भयंकर आहे. 25 मे 2024 रोजी राजकोटमधल्या एका गेम झोनला आग लागली. शनिवार, सुट्टीचे दिवस, प्रवेशाला 99 रुपयांची सवलत, त्यामुळे गर्दी. पत्र्याचा तात्पुरता सांगाडा, आत इंधनाचा साठा, शेजारी वेल्डिंग चालू. अग्निशमन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र नव्हतं. 27 माणसं जळून गेली, त्यांत लहान मुलं होती आणि तिथे काम करणारेही. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ही प्रथमदर्शनी मानवनिर्मित आपत्ती असल्याचं म्हटलं. त्याआधी जुलै 2019मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावावरचा मोठा झुलता पाळणा मोडून पडला होता. त्यातही जीव गेले आणि दोन डझनांहून अधिक लोक जखमी झाले.

अशा दुर्घटनांनंतर मालक, ठेकेदार, पालिकेचे अधिकारी यांच्यावर कारवाईची मागणी होते, आणि ती योग्यच आहे. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. पत्र्याखाली इंधन आहे आणि वर ठिणग्या उडत आहेत, हे रोज तिथे उभ्या असलेल्या माणसांना दिसत असतं. पाळण्याचा आवाज बदलला, हे चालवणाऱ्याला सर्वांत आधी कळतं. त्याने यंत्र बंद करून रांगेतल्या दोनशे माणसांना ‘आज नाही’ असं सांगायचं असेल, तर त्याच्या मागे काय उभं असायला हवं? उद्या कामावर घेतलं जाईल याची खात्री हवी. ती ज्याला नाही, तो बटण दाबतच राहील. निरीक्षक वर्षातून एकदा येतो, कामगार रोज असतो. सुरक्षेची सर्वांत स्वस्त यंत्रणा म्हणजे ‘थांबवा’ म्हणण्याची हिंमत असलेला कामगार, आणि ही हिंमत स्वभावातून येत नाही, नोकरीच्या अटींतून येते.

महाराष्ट्रात या नोकरीच्या अटी काय आहेत? गोराईला 1989 साली एस्सेलवर्ल्ड उघडलं आणि एका पिढीच्या सहलींची ती जागा झाली. 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं. याखेरीज मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या आसपास वॉटर पार्कांची गर्दी आहे. मॉलमधले गेम झोन तर तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. एखाद्या विशिष्ट कंपनीला मी इथे दोष देत नाही. ज्या चौकटीत अशी उद्यानं चालतात, ती चौकटच पाहण्यासारखी आहे. सफाई, सुरक्षा, उपाहारगृह ही कामं सहसा कंत्राटदारांकडे असतात. पाळणे चालवणारे आणि जीवरक्षक हंगामी. उन्हाळी सुट्टीत भरती, पावसात आणि परीक्षांच्या काळात कपात. एकाच फाटकातून आत जाणारी माणसं चार-पाच वेगवेगळ्या हजेरीपटांवर असतात आणि त्यातल्या अनेकांचा मालक उद्यानाचा मालक नसतो.

21 नोव्हेंबर 2025पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी ही चौकट आणखी पक्की केली. मूळ स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नकोत, असं सुरक्षाविषयक संहिता म्हणते. पण सफाई, पहारा, उपाहारगृह ही कामं सर्वसाधारणपणे मूळ कामात धरलीच जात नाहीत. ज्या कंत्राटदाराकडे 50पेक्षा कमी माणसं, त्याला परवान्याची अट नाही. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती मोठे कारखाने, बांधकामं आणि खाणी यांना आहे. करमणुकीच्या उद्यानाचं त्यात नाव नाही. संप करायचा तर आता प्रत्येक आस्थापनेत 14 दिवसांची आगाऊ सूचना हवी, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. एकाहून अधिक संघटना असतील, तर वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला एका संघटनेकडे 51 टक्के कामगार असले पाहिजेत. चार कंत्राटदारांत वाटल्या गेलेल्या, मे महिन्यात आलेल्या आणि जुलैत घरी जाणाऱ्या माणसांनी हे 51 टक्के कुठल्या आस्थापनेत मोजायचे? त्यातच सप्टेंबर 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांमधले कामाचे तास दिवसाला 9वरून 10 करण्याला मान्यता दिली. करमणुकीची ठिकाणं याच कायद्याखाली येतात.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे वकिलांखेरीज फारसं कोणाचं लक्ष नाही. भोपाळच्या भारत भवनातल्या रंगमंडळाच्या कलावंतांच्या प्रकरणात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की नाटकातले हे कलावंत औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हेत. त्यांचं काम सर्जनशील आहे, म्हणून. हा निकाल एका नाट्यसंस्थेपुरता होता. पण उद्या एखाद्या उद्यानाने सोंग घेणाऱ्या, नाचणाऱ्या, मुलांना हसवणाऱ्या आपल्या माणसांना नेमणूकपत्रात ‘कलावंत’ म्हटलं, तर काय होईल? त्यांना काढून टाकल्यावर कामगार न्यायालयाचं दार उघडं आहे की नाही, यावरच आधी दोन-चार वर्षं वाद चालेल. नव्या औद्योगिक संबंध संहितेने कामगाराच्या व्याख्येत श्रमिक पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी यांचा स्पष्ट उल्लेख केला, कलावंतांचा केला नाही. तेव्हा मानाचं नाव मिळालं म्हणून खूश होण्याआधी, त्या नावाबरोबर कोणता हक्क जातो ते पाहावं.

संघटना म्हटलं की आपल्या मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे 1982 येतं. मुंबईत 18 जानेवारीला सुरू झालेला संप, दोन-अडीच लाख गिरणी कामगार, त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत आणि शेवटी बंद पडलेल्या गिरण्या. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर आज जो मॉल आहे, तिथे लोक करमणुकीला जातात. त्या इतिहासातून ‘युनियनने गिरण्या बुडवल्या’ एवढंच सार काढणं सोयीचं आहे, पण जमिनीच्या भावाचा आणि मालकांनी न केलेल्या आधुनिकीकरणाचा विसर पाडून काढलेलं ते सार आहे. संघटना धुतल्या तांदळासारख्या असतात असं मी म्हणत नाही. ज्या टीमस्टर्सने अंतर्वस्त्रांचा प्रश्न सोडवला, तिचा जुना इतिहास भ्रष्टाचार आणि गुन्हेगारी टोळ्यांच्या साथीने काळवंडलेला आहे. तरीही तिच्या जागी काहीच नसतं, तर उवा तशाच राहिल्या असत्या.

शिवाय महाराष्ट्राकडे स्वतःचा एक वेगळा अनुभव आहे. ओझी वाहणारे माथाडी कामगार आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या गोदामात. त्यांनाही एक मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 साली माथाडी कायदा झाला. कामगारांची आणि मालकांची नोंदणी या कायद्याखालच्या मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी आणि रजेचे पैसेही तिथूनच. पुढे 1981 साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीचा कायदा आला. या मंडळांच्या कारभारात आज पुष्कळ दोष आहेत, बोगस माथाडींच्या नावाने खंडणी उकळणाऱ्यांचाही त्रास आहे. पण मालक बदलला तरी कामगाराचे हक्क त्याच्याबरोबर जातात, हा विचार या राज्याने इतरांच्या आधी केला. हंगामी जीवरक्षक, पाळणे चालवणारे, सोंग घेणारे यांच्यासाठी असं मंडळ का असू नये? हे काम अॅनाहाइमकडून शिकायची गरज नाही, ते आपल्याला येतं.

अॅनाहाइमकडून शिकायचं ते दुसरंच. 2024च्या पर्यटन धोरणात महाराष्ट्राने मोठ्या पर्यटन प्रकल्पांना भांडवली प्रोत्साहन आणि करांच्या सवलती देऊ केल्या आहेत. सवलत देताना रोजगाराचं कारण सांगितलं जातं. मग त्या रोजगाराचं वेतन, तो थेट की कंत्राटी, पाळणा थांबवणाऱ्या कामगाराला संरक्षण आहे की नाही, या अटी सवलतीच्या करारातच लिहायला हव्यात. अॅनाहाइमने त्या 1996 साली लिहिल्या नाहीत, आणि कामगारांना त्यांचे पैसे मिळण्यासाठी 28 वर्षं, एक सार्वमत आणि दोन न्यायालयं लागली. आपल्या कोर्टांतल्या तारखा पाहता इथे ते एका आयुष्यात उरकेल, अशी आशा कोणी धरू नये.

तेव्हा तुमच्या जिल्ह्यात पुढचं मोठं करमणूक उद्यान जाहीर होईल आणि ‘अमुक हजार रोजगार’ असा आकडा पेपरात छापून येईल, तेव्हा आपल्या आमदाराला एवढंच विचारा, की हे अमुक हजार लोक कोणाच्या पगारपत्रकावर असणार आहेत. उत्तर लेखी मागा, आणि जमीन मिळण्याच्या आधी मागा.